ट्रकवाल्याला शिव्या घालून एचआयव्ही थांबत नाही

आमच्या एव्हरशाईन सिटीतल्या एका ग्रुपवर मागणी फिरतेय: हायवेच्या कडेला रात्री उभे राहणारे ट्रक हटवा. तक्रार रास्त आहे. अंधारात उभा ट्रेलर दिसत नाही, अपघात होतात. पण त्याला कुणीतरी पुस्ती जोडली, 'हे लोक एड्स पसरवतात', आणि त्यावर धडाधड अंगठे आले. मला त्या अंगठ्यांबद्दल बोलायचंय.

आधी आकडे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना म्हणजे नॅको. तिच्या 2017 च्या पाहणीत ट्रकचालकांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण 0.86 टक्के निघालं. त्याच वर्षी देशातल्या प्रौढांचा अंदाज 0.22 टक्के होता. म्हणजे चालकाला धोका जवळपास चौपट. हे नाकारून चालणार नाही. पण हाच आकडा उलटा वाचा. हजारातल्या 991 चालकांना एचआयव्ही नव्हता. त्यांना तो होऊ नये आणि ज्यांना आहे त्यांना वेळेत औषध मिळावं, यासाठी आपण काय करतो?

'या लोकांचं चारित्र्यच तसं' असं म्हटलं की काम संपतं. कुणालाच काही करावं लागत नाही.

2025 पर्यंत लागू असलेला मोटार परिवहन कामगार कायदा 1961 चा होता. त्यात कामाचे तास दिवसाला 8, आठवड्याला 48 होते. आता वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या गाळ्यांवर माल घेऊन आलेल्या कुठल्याही ड्रायव्हरला विचारा, शेवटचं 8 तासांत काम कधी संपलं होतं. तो हसेल. गाडी खाली व्हायला थांबायचं, परतीचं भाडं मिळेपर्यंत थांबायचं, अवजड वाहनांना प्रवेशबंदी असेल तर ती उठेपर्यंत थांबायचं. आठवडेच्या आठवडे घर नाही. धड झोपायला जागा नाही, अंघोळीला पाणी नाही. सोबतीला क्लीनर आणि बाटली. अशा थांब्यांवर शरीरसंबंध होतात. पैसे देऊन होतात, पुरुषापुरुषांतही होतात. वाचून काहींना कसंतरी होईल. होऊ दे. न बोलल्याने ते थांबलेले नाहीत.

मग निरोध का वापरत नाहीत? कारणं साधी आहेत. रात्री दोन वाजता हाताशी नसतो. दारू चढलेली असते. बाई नेहमीच्या ओळखीची असली की भीती वाटत नाही. आणि त्या बाईने स्वतः पाकीट बाळगावं तर पोलीस तेच पुरावा म्हणून दाखवतील अशी तिला धास्ती. सर्वोच्च न्यायालयाने 19 मे 2022 च्या आदेशात सांगितलंय की देहविक्री करणाऱ्या बाईने स्वतःच्या आरोग्यासाठी बाळगलेला निरोध गुन्ह्याचा पुरावा मानू नये. हा आदेश हायवेवरच्या प्रत्येक चौकीत पोचलाय का, हा प्रश्न आपल्या ग्रुपवर कुणी विचारला नाही.

सगळ्यात अवघड जागा मात्र घरची आहे. महिन्याने गावी गेलेल्या नवऱ्याने बायकोसमोर निरोध काढला, तर ती कबुलीच झाली. म्हणून तो काढत नाही, आणि ती मागू शकत नाही. मग कितीतरी बायकांना कळतं ते गरोदरपणाच्या तपासणीत. तिने कुठला हायवे पाहिलेला नसतो.

सरकारी कागदावर चालकांना 'ब्रिज पॉप्युलेशन' म्हणतात, म्हणजे पूल. एका बाजूचा विषाणू दुसऱ्या बाजूला नेणारा. साथरोगाच्या हिशेबात शब्द बरोबर असेल, पण पुलाची काळजी आपण पलीकडच्यांसाठी घेतो. चालक स्वतः आजारी पडतो, मरतो, हे त्या शब्दात येत नाही. जानेवारी 2024 मध्ये हिट अँड रनच्या कायद्याविरोधात चालक संपावर गेले, तेव्हा पेट्रोल पंपांवर लागलेल्या रांगा आठवा. तेवढे दोन-तीन दिवस तो आपल्याला माणूस म्हणून आठवला होता.

'फुकट निरोध वाटले की मोकळीक मिळते' असा एक युक्तिवाद आहेच. डिसेंबर 2017 मध्ये केंद्राच्या माहिती-प्रसारण खात्याने वाहिन्यांना सांगितलं होतं, निरोधच्या जाहिराती रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेतच दाखवा. तोच हा विचार. अहो, मेडिकलमध्ये आपण इतर गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबतो आणि पाकीट काळ्या पिशवीत घालून घेतो. आणि परक्या राज्यातल्या ड्रायव्हरने, भाषा येत नसताना, ते मोठ्याने मागावं अशी आपली अपेक्षा!

करायचं काय, तेही अवघड नाही. 2003 मध्ये सुरू झालेल्या 'आवाहन' कार्यक्रमात ट्रक जिथे थांबतात तिथेच 'खुशी' दवाखाने चालवले गेले. दवाखाना ट्रककडे गेला, कारण ट्रेलर घेऊन कुणी सकाळच्या ओपीडीच्या रांगेत उभा राहू शकत नाही. तेच वसई फाट्यापासून शिरसाडपर्यंत हवं:

1. ढाबा, पंप, वजनकाटा, टायरचं दुकान इथे निरोधची पेटी, आणि ती भरलेली राहील याची जबाबदारी कुणावर तरी.

2. रात्री चालणारी तपासणी गाडी. हिंदीत बोलणारा समुपदेशक, नाव गुप्त.

3. ज्याचा उपचार चालू आहे त्याला वाटेतल्या कुठल्याही केंद्रावर गोळ्या. त्या नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली राहिला, तर संभोगातून तो दुसऱ्याला जात नाही. खंड पडला तर तो पुन्हा वाढतो.

4. गाडीमालकांना तंबी. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. नोकरीसाठी एचआयव्ही तपासणीची सक्ती करता येत नाही, आणि फक्त एचआयव्ही आहे म्हणून कामावरून काढताही येत नाही.

आणि ग्रुपवरच्या मंडळींनो, ट्रक रस्त्याच्या कडेला नकोत ना? मग महापालिकेकडे आणि महामार्गवाल्यांकडे दिवे, संडास, न्हाणीघर आणि दवाखाना असलेला ट्रक थांबा मागा. तुमची मागणी आणि माझी मागणी तिथे एकच होते. अर्ज मी लिहून देतो, सह्या तुम्ही गोळा करा. ज्यांनी अंगठे दिले त्यांच्या आधी घ्या.

तोवर ओळखीचा कुणी चालक असेल तर त्याला 1097 हा नंबर द्या. फोन फुकट लागतो.