गाडी घेताना म्हाताऱ्या मोत्याचाही विचार करा

महाभारताच्या शेवटी इंद्र रथ घेऊन येतो आणि धर्मराजाला त्यात बसायला सांगतो. बरोबर आलेल्या कुत्र्याला रथात जागा नाही असे कळताच धर्मराज रथात पाऊल ठेवायला तयार होत नाही. ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. आज आपल्या गावात अनेकांच्या दारात चारचाकी रथ आहे आणि अंगणात कुत्राही आहे. परंतु रथ खरेदी करताना कुत्र्याचा विचार केलेला मात्र फारसा आढळत नाही.

आरोग्याच्या सदरात डॉक्टरांनी हे काय काढले, असे काही वाचकांना वाटेल. माणसांना वेळेला वाहन मिळत नाही आणि यांना कुत्र्याचे पडले आहे, असेही कोणी म्हणेल. त्यांना एवढेच सांगतो की दवाखान्यात कंबर धरून येणाऱ्यांत धान्याचे पोते उचलणारे असतात, गॅसचे सिलिंडर उचलणारे असतात, तसे आता कुत्रा उचलणारेही असतात. शिवाय ज्याला उचलता येत नाही तो मुका जीव उपचाराविना ओसरीवर पडून राहतो, ही गोष्ट वेगळीच.

पूर्वी आपल्याकडे गावठी कुत्रा असे. तो आटोपशीर अंगाचा आणि काटक. हल्ली हौसेने लॅब्राडोर आणतात, जर्मन शेफर्ड आणतात, क्वचित ग्रेट डेनही दिसतो. पिल्लू आणताना ते ओंजळीत मावते. पूर्ण वाढलेला लॅब्राडोर मात्र साधारण ३० ते ३५ किलोंचा होतो, जर्मन शेफर्ड ३० ते ४० किलोंचा आणि ग्रेट डेन ५० किलोंच्या पुढे जातो. मोठ्या जातीचा कुत्रा लहान जातीपेक्षा लवकर म्हातारा होतो. सात-आठ वर्षांचा झाला की त्याचे उतारवय सुरू झाले असे समजावे.

लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्ड या जातींत खुब्याच्या सांध्याचा दोष पुष्कळ आढळतो. खुब्याची खोबण उथळ राहते, हाडाचा गोळा तिच्यात नीट बसत नाही आणि वयाबरोबर सांधा झिजतो. अशा कुत्र्याच्या मागच्या पायांत उडी मारण्याची ताकद उरत नाही. तो गाडीजवळ येतो, पुढचे पाय वर ठेवतो आणि आपल्याकडे बघत थांबतो. घरचे लोक म्हणतात, आळशी झाला, लाडावला. तो आळस नसतो, दुखणे असते.

उतरण्याचा त्रास तर वेगळाच. कुत्र्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भार पुढच्या पायांवर असतो. ब्रिटनमधील संशोधकांनी २०१८ साली ‘व्हेटरिनरी रेकॉर्ड’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. गाडीच्या डिकीसारखा फलाट करून ५५, ६५ आणि ७५ सेंटिमीटर उंचीवरून कुत्र्यांना उडी मारायला लावली आणि पुढच्या पायांवर येणारा जोर मोजला. उंची वाढली तसा जोरही वाढला. म्हणजे डिकीची कड वीतभर उंच असणे ही त्याच्या सांध्यांच्या दृष्टीने क्षुल्लक बाब नाही.

आता उचलणाऱ्याचे बघू. अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्थेने १९९१ साली ओझे उचलण्याचे सूत्र सुधारले. त्यानुसार ओझे अंगाशी धरलेले, फारसे वाकणे नाही, कंबरेला पीळ नाही, अशी सगळी अनुकूलता असतानाही मर्यादा आहे २३ किलो. आपला मोत्या ३२ किलोंचा. शिवाय तो जमिनीवर बसलेला, अंग टाकून दिलेला किंवा धडपडणारा. त्याला खाली वाकून उचलायचे आणि तसेच वळून सीटवर ठेवायचे! वाकणे, वजन आणि पीळ हे तिन्ही एकत्र आले की मणक्यांमधली गादी सरकायला आणखी काय लागते? हे काम बहुधा घरातल्या पन्नाशीच्या माणसाच्या किंवा बाईच्याच वाट्याला येते, कारण मुले शिक्षणाला नाहीतर नोकरीला पुण्या-मुंबईकडे असतात.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की ज्यांच्या घरी मोठा कुत्रा आहे त्यांनी गाडी घेताना तो सहा वर्षांनी कसा असेल हे डोळ्यांसमोर आणावे. गाडी आपण आठ-दहा वर्षे वापरतो. आज एका उडीत आत जाणारा तीन वर्षांचा मोत्या याच गाडीपुढे म्हातारा होणार आहे. शोरूममध्ये आपण रंग बघतो, अॅव्हरेज विचारतो, हप्त्याचा हिशेब करतो. त्याबरोबर खिशात एक मोजपट्टी ठेवावी.

पहिले माप उंबऱ्याचे. मागच्या दाराशी जमिनीपासून गाडीच्या तळापर्यंत किती आणि डिकीची कड किती उंच, हे मोजावे. कड आपल्या गुडघ्याच्या आसपास असेल तर बरे. ती मांडीपर्यंत गेली तर फळीशिवाय भागणार नाही. उंच, जीपच्या घाटाच्या गाड्या खराब रस्त्यांना चांगल्या, दिसायलाही ऐटदार, पण म्हाताऱ्या कुत्र्याच्या दृष्टीने तो गडच.

दुसरे माप दाराचे. दार रुंद आणि उंच उघडावे. सरकते दार सर्वांत सोयीचे. मारुतीची ओम्नी २०१९ मध्ये बंद झाली, पण २०१० पासून आलेल्या ईको गाडीला तशीच सरकती दारे आहेत. या दोन्ही गाड्या रुग्णवाहिका म्हणून वापरल्या गेल्या आहेत, यावरून काय ते समजावे. वॅगनआरसारख्या उभट बांध्याच्या गाडीत मागच्या दाराने कुत्र्याला आधी तळावर आणि मग सीटवर असे दोन पायऱ्यांनी चढता येते. डिकीतून मात्र एकदम चढावे लागते. तेव्हा डिकीपेक्षा मागचे दार बरे, असे पुष्कळदा दिसून येईल.

तिसरी गोष्ट आतल्या जागेची. मागची सीट दुमडून सपाट होते का ते बघावे. होत नसेल तर पुढच्या आणि मागच्या सीटमधला खड्डा घट्ट गाठोड्याने भरून वर सतरंजी अंथरावी, नाहीतर ब्रेक लागताच म्हातारा जीव त्यात कोसळतो. सीएनजीची गाडी घेणार असाल तर टाकीने डिकीतली किती जागा खाल्ली ते आधी पाहावे. मागच्या प्रवाशांना थंड हवेची झरोकी आहेत का, हेही विचारावे. आणि सेडान गाडीच्या बंद डिकीत कुत्र्याला कधीही, अगदी पाच मिनिटांसाठीही, ठेवू नये.

गाडी आधीच घेतलेली असेल तर काय करावे? सुतारकाम कामाला येते. सहा फूट लांब व दीड फूट रुंद प्लायवूडची फळी घ्यावी, खालून आडव्या पट्ट्या माराव्यात आणि वर गोणपाट घट्ट ठोकावे म्हणजे पाय घसरत नाही. दोन फूट उंचीसाठी सहा फुटांची फळी लावली की चढ जेमतेम वीस अंशांचा होतो. चार फुटांची लावली तर तो तीस अंशांचा होतो आणि कुत्रा घाबरतो. कुत्रा धडधाकट आहे तोवरच त्याला या फळीची सवय लावावी. मागचे पाय अधू असतील तर पोटाखालून पंचा घालून मागचा भार तोलून धरावा. उचलणे भागच पडले तर जाड चादरीची झोळी करून दोघांनी उचलावे, एकट्याने नाही.

गाडीत कुत्रा मोकळा सोडू नये. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कशावर तरी आदळली तर आतल्या मोकळ्या जीवाची गत सुमारे वीस फुटांवरून पडल्यासारखी होते. तीस किलोंचा कुत्रा असा पुढे फेकला गेला तर पुढच्या सीटवरचा माणूसही वाचणे कठीण. छातीला बांधायचा पट्टा घालून तो मागच्या सीटच्या पट्ट्याशी अडकवावा. गळ्याच्या पट्ट्याला बांधू नये, त्याने मान मोडेल.

आपल्याकडच्या उन्हाळ्याबद्दल काय सांगावे? कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो जीभ बाहेर काढून धापा टाकूनच अंगातली उष्णता बाहेर टाकतो. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीतले तापमान तासाभरात सरासरी ४० अंश फॅरनहाइटने वाढले आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काचा थोड्या खाली ठेवूनही विशेष फरक पडला नाही. लठ्ठ, म्हाताऱ्या कुत्र्याला हा ताप जिवावर बेततो. तेव्हा किराणा घेऊन येतो म्हणून त्याला गाडीत सोडून जाऊ नये. प्रवास सकाळी किंवा उन्हे कलल्यावर करावा आणि पाणी बरोबर ठेवावे.

माझ्या व्यवसायाच्या कक्षेतल्या दोन गोष्टी सांगतो. पहिली, दुखणाऱ्या कुत्र्याला आपल्या घरातली दुखण्याची गोळी देऊ नये. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल ही माणसांची औषधे कुत्र्याला विषासारखी ठरू शकतात. औषध पशुवैद्यांनीच ठरवावे. दुसरी, आयुष्यभर गरीब असलेला कुत्राही खुब्याला हात लागताच वेदनेने चावतो. म्हणून त्याची रेबीजची लस दरवर्षी चुकवू नये. चावलाच तर ‘घरचाच आहे’ म्हणून बसून न राहता जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये.

राहता राहिला खर्चाचा आणि कौतुकाचा प्रश्न. कुत्र्यासाठी कोणी गाडी घ्या असे मी म्हणत नाही. घेणारच आहात तर कशी घ्यावी, एवढेच सांगतो आहे. खाली असलेला उंबरा, रुंद दार, सपाट तळ ही सोय केवळ मोत्याची नाही. गुडघे दुखणाऱ्या आईला आणि शस्त्रक्रिया झालेल्या वडिलांनाही नेमकी हीच सोय लागते. त्यांना फक्त सीट जरा उंच हवी, म्हणजे उठताना त्रास होत नाही. उभट गाडीत दोन्ही गोष्टी साधतात.

पुढच्या वेळी गाडी बघायला जाल तेव्हा मोजपट्टी न्या आणि शक्य तर आईला आणि मोत्यालाही बरोबर न्या. विक्रेता हसेल. त्याला हसू द्या. गाडीत चढायचे आहे ते त्या दोघांना.