आलेल्या मुलाला आणायचे कसे?

मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये एका भारतीय दाम्पत्याची याचिका फेटाळली. त्यांना नातलगाचा मुलगा दत्तक घ्यायचा होता. मुलगा २०१९चा, जन्म अमेरिकेतला, म्हणून नागरिकत्व अमेरिकेचे. न्यायालयाने वाट दाखवली ती अशी: आधी अमेरिकेत, तिथल्या कायद्याप्रमाणे दत्तकविधान पुरे करा, परदेशात दत्तक घेतलेले मूल भारतात आणण्याची प्रक्रिया त्यानंतर. अडचण एवढीच की हे मूल भारतातच आहे. काही महिन्यांचे असताना ते या दाम्पत्याबरोबर इथे आले आणि तेव्हापासून त्यांच्याच घरी वाढते आहे. जे घरात आहे त्याला देशात आणण्याचे सोपस्कार आता व्हायचे आहेत.

यात न्यायालयाला बोल लावण्यात अर्थ नाही. मुळात नकार 'कारा'चा होता. या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाने दाम्पत्याची नोंदणीच करून घेतली नाही. प्रकरण न्यायालयात गेले. न्यायालयाने बाल न्याय कायदा पाहिला, दत्तक नियमावली पाहिली, असे दत्तक त्यात बसत नाही म्हणून सांगितले आणि आपला विशेषाधिकार वापरायला नकार दिला. अमेरिकी मूल दत्तक घेणे हा भारतीयाचा मूलभूत अधिकार नाही, असेही बजावले. तेही बरोबरच. पण एका घरातल्या मुलासाठी कोणाला मूलभूत अधिकारापर्यंत का जावे लागले, याचे उत्तर कायदा करणाऱ्यांनी द्यायला हवे.

न्यायालयाने दाखवलेली अट पाहण्यासारखी आहे. परदेशी नागरिकत्वाचे मूल, मग ते नात्यातले का असेना, दोनच वाटांनी या कायद्याच्या कक्षेत येते. एकतर ते 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले' हवे, नाहीतर 'विधिसंघर्षग्रस्त' हवे. पहिल्या वर्गात कोण मोडते, याची यादी कायद्यातच आहे. ज्याला घर नाही, जगण्याचे साधन नाही. जे भीक मागताना सापडले. ज्याला आईबापांनी टाकले. जे हरवले, ज्याचा छळ झाला. दुसऱ्या वर्गात गुन्ह्याच्या आरोपात सापडलेले मूल. हा मुलगा यातल्या कशातच बसत नाही. त्याला घर आहे, घरात दोन माणसे आहेत आणि त्या दोघांना तो हवा आहे. हीच त्याची अपात्रता. तोच मुलगा बेवारस सापडला असता तर बाल कल्याण समिती धावली असती आणि कायद्याचे दार निदान किलकिले झाले असते. पाच-सहा वर्षे नीट सांभाळल्यामुळे ते बंद राहिले.

चाळणी बारीक का ठेवली, हे सर्वांना ठाऊक आहे. मुलांचा व्यापार ही कल्पनेतली भीती नाही. वकील लक्ष्मीकांत पांडे यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये परदेशी दत्तकावर बंधने घातली ती उगाच नव्हेत. १९९३चा हेग करार त्याच काळजीतून झाला आणि २००३ मध्ये भारताने त्याला मान्यता दिली. ती बंधने सैल करा, असे कोणी म्हणणार नाही. पण हेग करार काय विचारतो, हे तरी पाहावे. मुलाचे पारपत्र कोणत्या रंगाचे, हे तो विचारत नाही. मूल नेहमी कुठे राहते, हे विचारतो. एका देशात राहणारे मूल दत्तकासाठी दुसऱ्या देशात जाणार असेल तर हा करार लागू होतो. या मुलाला कळायला लागल्यापासून तो भारताबाहेर राहिलेला नाही. करार मूल कुठे आहे ते बघतो, आपली यंत्रणा त्याचे पारपत्र बघते.

याच्या उलट बाजूची सोय मात्र कायद्यात व्यवस्थित आहे. समजा न्यू जर्सीतल्या काकाला सांगलीतला पुतण्या दत्तक घ्यायचा आहे. त्यासाठी २०१५च्या कायद्यात स्वतंत्र कलम आहे, साठावे. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, मग काराचे ना हरकत प्रमाणपत्र, मग मुलाचा प्रवास. म्हणजे नात्यातले दत्तक सरकारला समजते. देशाची हद्द ओलांडणारे नात्यातले दत्तकही समजते. पण ते बाहेर जाणारे असले तरच. आत येणाऱ्यासाठी नियमावलीत जे आहे त्यात गृहीत धरले आहे की मूल तिकडे आहे, त्याच्याजवळ परदेशी पारपत्र आहे आणि तिकडच्या भारतीय वकिलातीत ते व्हिसासाठी अर्ज करील. मूल आधीच आलेले असेल, तर काय? त्यावर नियमावली गप्प आहे. घरटी एक माणूस अमेरिकेत असलेल्या गल्ल्या पुण्यात कमी नाहीत. हा प्रश्न कोणाला सुचू नये, हे नवल.

नात्यातले मूल दत्तक घेणे महाराष्ट्राला नवे नाही, आणि राज्याची सीमा ओलांडून घेणेही नवे नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा, गायकवाडांच्याच भाऊबंदांतला गोपाळ १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. नाशिक इंग्रजांचे, बडोदे संस्थान. त्या वेळीही वरून मंजुरी लागली, पण गोपाळ निराधार असल्याचा दाखला कोणी मागितला नाही.

आता अमेरिकेत जा, म्हणजे काय करा? तिथे दत्तकाचा कायदा राज्यागणिक वेगळा. वकील तिथला, तारखा तिथल्या, डॉलरही तिथले. आणि तिथल्या न्यायाधीशापुढे ठेवायचे काय, तर भारतातल्या या घराची, या दोन माणसांची माहिती. घर कसे आहे, उत्पन्न किती, मूल कसे वाढते आहे. ही चौकशी करण्याची यंत्रणा काराकडे आहे. जिल्ह्याजिल्ह्यात समाजकार्यकर्ते आहेत, गृहअभ्यासाचा ठरलेला नमुना आहे. त्यांनी दारात जाऊन बेल वाजवली तर मूलच दार उघडील. तरीही या घराची पारख हजारो मैलांवरच्या न्यायालयाने करायची, आणि इथल्या प्राधिकरणाने नोंदणीसुद्धा करायची नाही. मुलाच्या हिताचे संरक्षण ते हेच असेल, तर मुलाला ते कळणे कठीण आहे.

दुरुस्ती अवघड नाही. नातलगाचे परदेशी नागरिकत्वाचे मूल भारतातच राहत असेल, तर जन्मदात्यांची लेखी संमती आणि त्याच्या देशाची ना हरकत घेऊन जिल्हाधिकाऱ्यांनी आदेश द्यावा, एवढी तरतूद पुरे. पैशांचा व्यवहार झाला का, याची चौकशी हवी तितकी कडक ठेवा. कायदा बदलावा लागत असेल तर तो बदलतो. दत्तकाचे आदेश न्यायालयांकडून काढून जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपवण्याची दुरुस्ती संसदेने २०२१ मध्ये केली आणि पुढच्या वर्षी ती अमलातही आली. महिला व बालविकास मंत्रालयाने हे एक कलमही हाती घ्यावे. वेळ मोजका आहे. या कायद्यात बालक म्हणजे १८ वर्षांखालचे, आणि २०१९चा हा मुलगा २०३७ मध्ये १८ पुरे करील.