बॅटरी बदलायची, पण पारखून



मृगाचा पाऊस पडून गेला, काळ्या रानात वाफसा आला, बदनापूरच्या बीडीएन-७११ तुरीचे बियाणे घरात येऊन पडले. आणि नेमका त्याच सकाळी ट्रॅक्टर 'टक्' असा आवाज करून गप्प बसला, तर घरधन्याची काय अवस्था होते ते आपणास सांगायला नको. मग धावतपळत जालना नाही तर भोकरदन गाठायचे, दुकानदार सांगेल ती किंमत मोजायची आणि बॅटरी घेऊन यायचे. घाईची खरेदी महागच पडते. म्हणून या वेळी बॅटरीविषयी चार गोष्टी सांगतो.

बॅटरी खरेच गेली आहे काय?

पुष्कळदा दोष एकीकडे असतो आणि पैसा दुसरीकडे जातो. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी, अशातला प्रकार! आधी दोन्ही टर्मिनल पाहा. त्यांवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर वीज सेल्फपर्यंत पोचतच नाही. बुचे घट्ट लावून, पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून टर्मिनल धुवा. सोड्याचे पाणी आत जाता कामा नये.

मग गावातल्या वायरमनकडून मीटर आणा. ट्रॅक्टर रात्रभर बंद ठेवून सकाळी मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, आणि १२ च्या आसपास म्हणजे जवळजवळ रिकामी. रिकामी म्हणजे मेलेली नव्हे. ८० अँपिअर-तासांची बॅटरी ८ अँपिअरने सावकाश, दहा-बारा तास चार्ज करून घ्या. नंतर हायड्रोमीटरने सहाही घरांतील पाण्याचे वजन पाहा. पाच घरे १.२५ दाखवतात आणि एकच १.१५ वर अडकले आहे, तर ते घर गेले. मग बॅटरी बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

शेवटी इंजिन चालू ठेवून मोजा. १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. आकडा १२.५ वरून हलत नसेल, तर अल्टरनेटर किंवा त्याचा सैल पट्टा दोषी समजा. तो दुरुस्त न करता नवी बॅटरी बसवली, तर तीही आठ-पंधरा दिवसांत बसेल.

घेताना काय पाहावे?

जुन्या बॅटरीवरील अँपिअर-तास, पेटीची लांबी-रुंदी आणि अधिक टोक कोणत्या बाजूला आहे, हे कागदावर टिपून न्या. टोक उलट बाजूला आले तर केबल पुरत नाही. कारखान्यातून निघाल्याचा महिना विचारा; दुकानात वर्षभर पडून राहिलेली बॅटरी नवी म्हणू नये. वॉरंटीचे कार्ड नीट वाचा. पूर्ण बदलून मिळण्याचे महिने वेगळे आणि नुसती किमतीत सूट मिळण्याचे महिने वेगळे असतात. किती महिने फुकट बदलून मिळेल, एवढेच विचारा. दोन-तीन दुकानांत जुनी बॅटरी देऊन काय पडेल ते विचारा, कारण जुन्या शिशाला मोल आहे. पक्की पावती घ्या. 'रिकंडिशन' केलेल्या स्वस्त बॅटरीच्या मागे लागू नका. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला व्हायचा.

बदलताना जिवाची काळजी

बॅटरीत गंधकाचे तेजाब असते आणि चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो. ठिणगी पडली की तो पेट घेतो. म्हणून जवळ विडी नको, आणि पाणी पाहण्यासाठी काडी तर मुळीच ओढू नका. अंगठी, कडे काढून ठेवा. डोळ्यांवर चष्मा आणि शेजारी स्वच्छ पाण्याची बादली हवी. तेजाब डोळ्यात गेले तर निदान पंधरा मिनिटे पाण्याने धुवा आणि लगेच डॉक्टरकडे जा.

काढताना उणे टोक आधी, अधिक टोक नंतर. बसवताना अधिक आधी, उणे शेवटी. ट्रॅक्टरचा सांगाडा उणे टोकाला जोडलेला असतो. अधिक टोक आधी सोडायला गेलात आणि पाना लोखंडाला टेकला, तर पाना लाल होईल आणि हातही भाजेल. बॅटरी दोघांनी उचला, कलू देऊ नका. पट्टी घट्ट आवळा, कारण हादऱ्यांनी आतल्या पट्ट्यांचा लेप गळून पडतो. टर्मिनलला पेट्रोलियम जेली लावा.

हायब्रीड गाडी असेल तर

आता काही घरांत पेट्रोल आणि वीज अशा दोन्हींवर चालणारी मोटार दिसू लागली आहे. तिच्यात एक मोठी आणि एक लहान १२ व्होल्टची, अशा दोन बॅटऱ्या असतात. लहान बॅटरी गाडीच्या संगणकाला जागे करते आणि मोठीचा मार्ग खुला करते. ती बसली की मोठी भरलेली असूनही गाडी निघत नाही. 'मोठीच गेली' असे कोणी म्हणाले तर आधी लहान तपासून घ्या. नारिंगी रंगाच्या तारांना मात्र हात लावू नका. त्यांत जिवावर बेतणारा दाब असतो. लहान बॅटरी डिकीत असेल तर तिचा वायू बाहेर नेणारी नळी पुन्हा जोडायला विसरू नका, आणि माहितीपुस्तकात सांगितलेल्याच प्रकारची बॅटरी घ्या. जावयाच्या हायब्रीड गाडीवरून ट्रॅक्टर सुरू करण्याचा मोह तर टाळाच. सेल्फ एवढी वीज ओढतो, की गाडीची नाजूक यंत्रणा बिघडायची.

जुनीचे काय करावे?

फ्रान्समधील प्लांते यांनी १८५९ साली ही शिशाची बॅटरी शोधली; मूळ तत्त्व आजही तेच आहे, आणि शिशाचे विषही तेच. जुनी बॅटरी अंगणात फोडू नका, शिसे चुलीवर वितळवू नका, तेजाब बांधावर ओतू नका. शिशाची धूळ आणि धूर लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुनी बॅटरी गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. आपण ती विक्रेत्याकडेच द्यावी.

नवी बॅटरी बसवली की तिच्यावर रंगाने तारीख लिहा. आपल्याकडच्या चैत्र-वैशाखाच्या उन्हात पाणी लवकर आटते, तेव्हा दर पंधरवड्याला बुचे उघडून पाहा. पट्ट्यांच्या वर १० ते १५ मिलिमीटर पाणी असावे. भर घालायची ती फक्त डिस्टिल्ड वॉटरची. बोअरचे क्षारयुक्त पाणी नको आणि तेजाबही नको, कारण आटते ते पाणी, तेजाब नव्हे. ट्रॅक्टर महिनाभर उभा राहणार असेल तर उणे टोक सोडून ठेवा, आणि ही सारी तपासणी अक्षय्यतृतीयेच्या सुमारास उरकून घ्या. दुरुस्तीला तेव्हा हाताशी महिना असतो. वाफसा आल्यावर एक दिवसही नसतो.