यंत्राची साक्ष आणि वेळापत्रकाचा गुन्हा

महामार्गाच्या कडेला उभी राहणारी पोलिसांची इंटरसेप्टर गाडी आणि तिच्यातील स्पीडगन यांविषयी वाहनचालकांत मोठा रोष आहे. त्या रोषाची हेटाळणी करण्याचे कारण नाही. परंतु त्यात रास्त काय आणि गैर काय, याची निवड आधी केली पाहिजे. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ३२ हजारांहून अधिक पादचारी होते. एकूण मृत्यूंपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यूंचे कारण म्हणून सरकारी अहवालात अतिवेगाची नोंद आहे. हा रकाना भरण्यास सोयीचा असतो आणि रस्त्याच्या सदोष रचनेवर त्याने पांघरूण पडते, हे मान्य केले तरी वेगावर नियंत्रणच नको, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही.

नागरिकाचा हक्क वेगळा आहे. चलन हा आरोप आहे, निकाल नव्हे. दंड भरणे म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली प्रकरण आपसात मिटविणे. ते मान्य नसेल तर न्यायालयापुढे पुरावा मागण्याचा मार्ग खुला आहे. याच कायद्याच्या कलम १८३ मध्ये एक जुनी तरतूद आहे. एखादे वाहन भरधाव होते, एवढ्या एकाच साक्षीदाराच्या मतावरून कोणालाही दोषी ठरविता येत नाही. त्या मताला यांत्रिक साधनाने केलेल्या मोजमापाचा आधार लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात इलेक्ट्रॉनिक साधनाची भर पडली. म्हणजे मोजणीच्या यंत्राचा आग्रह कायद्याने धरला तो नागरिकाच्या संरक्षणासाठी, शिपायाच्या लहरीविरुद्ध. आज तेच यंत्र केवळ वसुलीचे हत्यार वाटू लागले असेल, तर दोष यंत्राचा नाही.

११ ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेने केंद्रीय नियमांत १६७-अ हा नियम आला. यंत्राच्या अचूकतेचे प्रमाणपत्र असावे व त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हावे, नियंत्रणाच्या टप्प्यापूर्वी ठळक सूचनाफलक असावा, चलनासोबत वाहनाचा क्रमांक दाखविणारे छायाचित्र, मोजलेला वेग, स्थळ आणि वेळ असावी, अशा अटी त्याने घातल्या. या तरतुदींची अंमलबजावणी करण्याचे आदेश राज्यांना देण्याची वेळ सर्वोच्च न्यायालयावर २०२४ साली आली, यावरूनच शासनाची आस्था दिसून येते. रडारचा झोत अंतराबरोबर रुंदावत जातो. दोन वाहने शेजारून धावत असतील तर मोजलेला वेग नेमका कोणाचा, हा प्रश्न आडमुठेपणाचा नसून पुराव्याचा आहे. फलकाचेही तसेच. घाट लागताच मर्यादा खाली येते. ती चालकाला सांगितलीच नसेल तर पकडण्याने अपघात टळत नाही, तिजोरीत भर तेवढी पडते. लोकअदालतीत थकीत चलने सवलतीने मिटविली जातात तेव्हाही पुराव्याची तपासणी होत नाही. निर्दोष माणूससुद्धा खेटे वाचविण्यासाठी निम्म्याशिम्म्यावर राजी होतो.

परंतु या साऱ्या चर्चेत मोटारीच्या मालकाचाच आवाज मोठा आहे. हलक्या वाहनाला १ ते २ हजार रुपये, मध्यम व जड वाहनाला २ ते ४ हजार रुपये, असा अतिवेगाचा दंड २०१९ च्या दुरुस्तीने ठरविला. ज्याची गाडीच लाखो रुपयांची, त्याला हे एका मेजवानीचे बिल. पगारी टेम्पोचालकाच्या घरात तेवढ्याने महिन्याचा किराणा अडतो. चलन मालकाच्या नावे निघते आणि रक्कम अनेकदा चालकाच्या पगारातून कापली जाते. कॅमेऱ्याला पाटीवरचा क्रमांक दिसतो. पहाटेपर्यंत माल बाजारात पोहोचलाच पाहिजे, हा मालकाचा हुकूम त्याला दिसत नाही.

कायद्याला मात्र तो दिसतो. जो स्वतः मर्यादा ओलांडतो त्याच्याइतकाच, जो आपल्या नोकराला ती ओलांडावयास लावतो तोही कलम १८३ खाली गुन्हेगार आहे. इतकेच नव्हे, तर ठरवून दिलेल्या वेळेत मर्यादा पाळून प्रवास पुरा होणे शक्य नव्हते असे न्यायालयास वाटले, तर ते वेळापत्रक किंवा तो हुकूम हाच संबंधितांविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा ठरतो. कायदेमंडळाने ही तरतूद केली, पण मोटारमालकांपैकी तिचा धाक कोणाला आहे? खाजगी बसगाड्यांची वेळापत्रके छापील असतात, मालवाहतुकीचे हुकूम फोनवर येतात, घरपोच माल देणाऱ्या पोरांना तर मिनिटांचा हिशेब कंपनीच्या मोबाइल-अॅपवर सतत दिसत असतो. इतका लेखी पुरावा आयता पडलेला असताना तपास पाटीवरच्या क्रमांकापाशी थांबतो.

वाहतूक कामगारांच्या संघटनांनी दंडमाफीची निवेदने देत बसण्यापेक्षा हे काम हाती घ्यावे. चलन आलेल्या चालकाकडून त्या फेरीचा हुकूम, निघण्याची व पोहोचण्याची वेळ आणि मार्गाचे अंतर लिहून घ्यावे. यंत्राच्या प्रमाणपत्राची व छायाचित्राची मागणी न्यायालयात करावी आणि त्याच वेळी वेळापत्रकही न्यायाधीशांपुढे ठेवावे. चालक खरोखर वेगात होता असे ठरले तर त्याने शिक्षा भोगावी. मात्र त्याच्या शेजारी, त्याच कलमाखाली, वेळ ठरवून देणारा मालकही उभा असला पाहिजे.