दत्तक नको, वाटा द्या

मुंबईत कुर्ल्याच्या क्रांतीनगर वस्तीत मिठी नदीचे पाणी घुसले की शहरातल्या सुक्या मजल्यांवरून ठरलेला शेरा येतो: "कचरा तेच टाकतात, मग भोगणार कोण?" या वाक्याला आता म्हणीची प्रतिष्ठा आली आहे, म्हणूनच ते तपासायला हवे.

विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत मिठी सुमारे १८ किलोमीटर वाहते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि ती काठ सोडून वस्त्यांत शिरली. त्या नदीवर विमानतळाची धावपट्टी कुणा झोपडीवाल्याने टाकली नव्हती. खाडीलगतच्या दलदलीत भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुलही त्याने उभारले नव्हते. नदीत पडलेली पिशवी सगळ्यांना दिसते. नदीची बळकावलेली जागा मात्र नकाशावर 'विकास' या नावाने रंगवली जाते.

याच्या उलट टोकाला कैवारी उभे असतात. त्यांच्या मते सगळे पाप सरकारचे. गरीब बिचारा काय करणार? ऐकायला हे गोड लागते, पण पटत नाही. काठावर तेलाची पिंपे धुणारे आहेत, रात्री पिशवी भिरकावणारेही आहेत. ते झाकून नदी साफ होणार नाही. शिवाय ज्याच्या उंबऱ्याला पहिले पाणी लागते, त्याला नदीची चाल पुरती ठाऊक असते. त्याला निव्वळ दयेचा धनी ठरवले की ही जाणकारीही वाया जाते.

जबाबदारी सामायिक आहे, पण समसमान नाही. ज्याने जितकी जागा घेतली आणि ज्याच्या हाती जितका पैसा व अधिकार, तितका त्याचा वाटा. मलवाहिनी वस्तीपर्यंत नेणे हे महापालिकेचे काम. नदीच्या जागेवर ज्यांची भरभराट झाली, त्यांनी काठाच्या डागडुजीचा खर्च उचलावा. घरचा कचरा गाडीतच टाकणे हे वस्तीचे काम, पण आधी गाडी गल्लीपर्यंत यायला हवी.

वस्त्यांच्या सफाईसाठी महापालिकेने स्थानिक संस्थांना मानधन देणारी योजना आणली, तेव्हा तिचे नाव ठेवले 'दत्तक वस्ती'. दत्तक पोराला घेतात; इथे तर कर्ती माणसे राहतात. त्यांना झाडू दिला, हिशेबाची वही दिली नाही.

मिठीतल्या गाळउपशात कोट्यवधींचा घोटाळा झाल्याच्या आरोपावरून २०२५ मध्ये गुन्हा दाखल झाला. डंपर खरोखर भरला की कागदावरच, हे काठावरच्या बाईला दारातून दिसते. तिच्या सहीशिवाय कंत्राटदाराचे बिल निघणार नाही, असा नियम करा. मग तिच्या दारातल्या पिशवीचा हिशेब तिला खुशाल विचारा.