चिरगोठित भूमी आणि लोकशिक्षण

हवामानबदलाविषयी सामान्य जनांस माहिती देताना उत्तरेकडील गोठलेल्या भूमीचा दाखला हल्ली वारंवार दिला जातो. दाखला योग्य आहे. परंतु तो देण्याची रीत आमच्या मते सदोष आहे. ती एक तर भीती घालते, नाही तर दूरदेशीच्या नवलकथेवरच थांबते. ज्येष्ठाच्या उन्हात पोळणाऱ्या लखनौच्या विद्यार्थ्याचे सायबेरियाच्या मातीशी नाते काय, हे त्यातून उमगत नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. जी भूमी सलग दोन किंवा अधिक वर्षे शून्य अंश सेल्सिअस वा त्याखालीच राहते, ती चिरगोठित भूमी होय. सायबेरिया, अलास्का व कॅनडा येथे ती विस्तीर्ण आहे. आपल्या लडाखच्या उंच भागांतही ती आढळते. या संज्ञेतील ‘चिर’ शब्दाने मात्र वाचकाने फसू नये. ते वचन नव्हे. थंडी टिकेल तोवरचीच ती मुदत आहे. स्वालबार्ड बेटावर २००८ साली उघडलेले जागतिक बियाणे भांडार अशाच भूमीच्या भरवशावर उभारले गेले. २०१६ साली अवेळी उष्मा व पाऊस होऊन त्याच्या प्रवेशबोगद्यात पाणी शिरले. बियाणे सुरक्षित राहिले, पण भरवसा ओला झाला.

दूध थंडीत ठेवले तर टिकते, बाहेर ठेवले तर नासते. कारण सूक्ष्म जंतूंचे कार्य थंडीत मंदावते. गोठलेल्या मातीतही हेच घडते. तीत हजारो वर्षांची मुळे, पाने व प्राण्यांचे अवशेष न कुजता पडून आहेत. २०१२ साली रशियन शास्त्रज्ञांनी कोलिमा नदीकाठी सापडलेल्या, सुमारे ३२,००० वर्षांपूर्वीच्या फळांतील ऊतकांपासून सजीव रोपे वाढविली, ती याच कारणाने. उत्तरेकडील या भूमीत सुमारे दीड लाख कोटी टन कर्ब साठलेला आहे. वातावरणातील कर्बाच्या तो जवळजवळ दुप्पट होय. भूमी वितळली की जंतू कामास लागतात. हवा खेळती असेल तेथे कार्बन डाय-ऑक्साइड व दलदलीत मिथेन वायू निर्माण होतो. त्यायोगे उष्णता वाढते आणि आणखी भूमी वितळते.

कित्येकांचे म्हणणे असे, की भय दाखविल्यावाचून लोक जागे होत नाहीत. म्हणून ते या साठ्यास एकाएकी फुटणारा सुरुंग म्हणतात. हे शास्त्रास धरून नाही. हा वायू मुख्यतः दशकानुदशके, हळूहळू बाहेर पडेल असे अभ्यासकांचे मत आहे. सर्व संपलेच, असे ज्यास वाटले तो प्रयत्न सोडतो. खरी गोष्ट अशी, की तापमान जितके कमी वाढेल तितकी कमी भूमी वितळेल. म्हणजे कोळसा व खनिज तेल जाळण्यावरील आपला प्रत्येक संयम फलदायी आहे.

लखनौस या शिक्षणाचे उत्तम साधन घरचेच आहे. जीवाश्म जडविलेली बिरबल साहनी संस्थेची कोनशिला पंडित नेहरूंनी ३ एप्रिल १९४९ रोजी बसविली. आठवड्याभरातच, १० एप्रिलला, प्राध्यापक साहनी निवर्तले. त्यांच्या संस्थेत आजही तळ्यांच्या गाळातील परागकणांवरून प्राचीन हवामान वाचले जाते. परागकणाचे बाह्य कवच सहसा कुजत नाही. रायबरेली जिल्ह्यातील सनई तालाच्या गाळातून गंगेच्या मैदानाचा सुमारे १५,००० वर्षांचा वृत्तांत असाच उलगडला आहे. आपल्या तळ्याचा गाळ आणि सायबेरियाची गोठलेली माती ही एकाच ग्रंथाची दोन पाने होत. भेद इतकाच, की दुसरे पान उघडताच विरू लागते.

म्हणून शिक्षकांस आमची विनंती आहे: विद्यार्थ्यांस आधी आपल्या तळ्याकाठी न्यावे, कुजणे म्हणजे काय ते दाखवावे आणि मग नकाशावर उत्तर ध्रुवाकडे बोट न्यावे. भयाने झालेली जाग फार काळ टिकत नाही. कार्यकारणभाव एकदा समजला, की तो जन्मभर सोबत करतो.