वाइनची द्राक्षे आणि जतचे पाणी

द्राक्षासवाची बाटली ज्या घराच्या फळीवर कधी आली नाही, असे घर मराठी मुलखात विरळाच असेल. दुखण्यातून उठलेल्या माणसास दोन चमचे द्राक्षासव देताना त्यात आंबवणीने मद्यार्क उतरलेला असतो, याची चर्चा कोणी कधी केली नाही. मात्र जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकण्यास मुभा देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला आणि अवघ्या महाराष्ट्रात दोन तट पडले. सरकार म्हणाले, हे शेतकऱ्यासाठी. विरोधक म्हणाले, हा घराघरांत दारू पोहोचविण्याचा उद्योग. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. पुढे तो निर्णय मागे पडला. या गदारोळात बाटलीविषयी पुष्कळ बोलले गेले. ती ज्या वेलीपासून निघते तिच्याविषयी फारसे कोणी बोलले नाही. ज्या शेतकऱ्याच्या नावाने हा खटाटोप झाला त्यास वाइनची द्राक्षे परवडतात काय, हा प्रश्न होता तेथेच राहिला.

जतसारख्या तालुक्यात हा प्रश्न अधिकच टोचणारा आहे. सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा हा मुलूख. पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. जमीन बरीचशी हलकी, मुरमाड. तरीही बिळूर, उमदी, डफळापूर या भागांत द्राक्षाचे मांडव उभे राहिले, आणि दुष्काळाच्या वर्षी टँकरने पाणी विकत घालून लोकांनी ते जगविले. अशा भागात वाइनची द्राक्षे लावावीत, त्यांना पाणी कमी लागते, हलकी जमीन चालते, असे अधूनमधून सुचविले जाते. सूचना वाईट नाही. परंतु ती अर्धीच खरी आहे, आणि शेतीत अर्धे खरे हे बहुधा महागात पडते.

खाण्याचे द्राक्ष आणि वाइनचे द्राक्ष ही एका कुळातील, परंतु वेगळ्या शिस्तीची पिके आहेत. थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका या आपल्या ओळखीच्या जाती बिनबियांच्या. मणी फुगावा, लांबावा, साल पातळ राहावी म्हणून बागायतदार जिबरेलिक ॲसिड वापरतो, मणी विरळ करतो, पाणी आणि खते भरपूर देतो. वाइनसाठी हे सारे नेमके उलटे. कॅबर्ने सोव्हिन्यों, शिराज, शेनिन ब्लां या जातींचे मणी लहान, बियांचे आणि जाड सालीचे असतात. तांबड्या वाइनचा रंग आणि तिचा तुरटपणा सालीतून येतो. त्यामुळे मणी जितका लहान तितके रसाच्या मानाने सालीचे प्रमाण अधिक. फुगलेला मणी म्हणजे पाणचट वाइन. म्हणून येथे मुद्दाम घड कमी ठेवावे लागतात, एकरी माल आवरावा लागतो. जास्त पिकविले की बक्षीस, ही आपल्याकडील पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत बागेच्या फाटकाबाहेर ठेवावी लागते.

आता पाण्याचे पाहू, कारण जतचा खरा प्रश्न तेथेच आहे. युरोपातील वेल हिवाळ्यात पाने गाळून झोपते, वसंतात जागी होते आणि वर्षाकाठी एकच छाटणी मागते. आपल्याकडे तिला झोप नाही. म्हणून महाराष्ट्रात छाटणी दोनदा करतात: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी. खरड छाटणीनंतर फुटते ती पुढच्या पिकाची काडी. तिच्या डोळ्यांतच येणाऱ्या हंगामाचा घड सूक्ष्म रूपाने बांधला जातो. फेब्रुवारीत जो घड आपण तोडतो, त्याचा जन्म आदल्या मे-जूनमधला असतो. छाटणीनंतरचा पहिला महिना-सव्वा महिना फूट जोमाने वाढली पाहिजे, आणि तिला पाणी हवेच. त्यानंतर ते थोडे आवरले तर उलट घड चांगला बांधला जातो. फळछाटणीनंतर मणी भरताना वाइनच्या बागेस खाण्याच्या बागेपेक्षा पाणी कमी पुरते, हेही खरे. परंतु एप्रिल-मे हे दोन महिने जतमध्ये कोणते असतात, हे जतकरांस सांगावयास नको. विहिरींनी तळ गाठलेला असतो आणि गावोगावी पिण्याच्या पाण्याचे टँकर फिरत असतात. वर्षभराच्या हिशेबात वाइनच्या वेलीस पाणी कमी लागत असेल. ज्या आठवड्यांत तिला ते लागते त्या आठवड्यांत जतकडे ते नसते. पाण्याचा हिशेब घनफुटांइतकाच पंचांगावरही मांडावा लागतो.

म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे पाणी तालुक्याच्या काही भागात पोहोचले, काही गावे वर्षानुवर्षे त्याची वाट पाहत राहिली. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जतमधील चाळीस गावांवर हक्क सांगितला, तो या गावांनी पाण्यासाठी पूर्वी केलेल्या ठरावांच्या आधारावर. भाषेचा म्हणून गाजलेला तो वाद मुळात पाण्याचा होता. अशा गावास वाइनचा उपदेश करणाऱ्याने आधी मे महिन्यातील पाण्याचे आवर्तन कोण देणार, हे सांगावे.

हलक्या जमिनीची अडचण तुलनेने सुटलेली आहे, आणि तिची कथा मोठी गमतीची आहे. एकोणिसाव्या शतकात फायलोक्झेरा या मुळांवर जगणाऱ्या किडीने फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हा अमेरिकेतील रानवेलींच्या खुंटावर कलमे बांधून त्या वाचविण्यात आल्या. या कामात साहाय्य करणाऱ्या टेक्सासच्या मन्सन यांचा फ्रेंच सरकारने १८८८ मध्ये गौरव केला. याच मन्सन यांनी निवडलेला डॉगरिज हा खुंट आज आपल्या दुष्काळी पट्ट्यात खाऱ्या पाण्याला आणि कोरड्या हवेला तोंड देत उभा आहे. वाइनच्या जातींसाठी बहुधा ११० आर हा कमी माजणारा खुंट घेतात. जतच्या मुरमात ही मुळे रुजतील, याविषयी आम्हांस शंका नाही.

शंका आहे ती तोडणीनंतरची. वाइनसाठी साखर बावीस ते चोवीस ब्रिक्सपर्यंत चढावी लागते. पण त्याच वेळी आम्लता टिकली पाहिजे, नाही तर वाइन बेचव आणि नासकी होते. रात्री गार असतील तर आम्लता टिकते. ऊन चढले की ती झपाट्याने उतरते. नाशिकच्या थंडीचा वाइनला लाभ होतो तो असा. जतचे ऊन फेब्रुवारी सरताच तापू लागते, म्हणजे तोडणीस थोडेच दिवस मिळतात. तोडलेले घड काही तासांत कारखान्यात पोहोचले पाहिजेत, तेही शक्यतो पहाटेच्या गारव्यात. आणि कारखाना कोठे? २००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणानंतर विंचूरबरोबर आपल्या जिल्ह्यात पलूस येथे कृष्णा व्हॅली वाइन पार्क आखण्यात आले. ते अपेक्षेप्रमाणे बहरले नाही. आणि बहरले असते तरी जतच्या पूर्वेकडील शिवारांहून ते दोन तासांहून अधिक दूर आहे.

येथेच बेदाण्याशी तुलना करावीशी वाटते. चार किलो द्राक्षांचा सुमारे एक किलो बेदाणा होतो. जतची जी कोरडी, तापती हवा वाइनच्या द्राक्षास जाचते, तीच बेदाण्याच्या शेडमध्ये राबते; पंधरवड्यात माल वाळतो. मग तो शीतगृहात ठेवता येतो, भाव पडला असेल तर दोन महिने थांबता येते, तासगाव-सांगलीच्या सौद्यात दहा व्यापाऱ्यांसमोर मांडता येतो. सांगलीच्या बेदाण्यास भौगोलिक मानांकन मिळाले ते उगाच नव्हे. बेदाणा उत्पादकही सुखी आहे असे नाही. मार्चमधील एक अवकाळी सर त्याचे वर्ष बुडवू शकते. पण त्यास थांबण्याची सोय आहे. वाइनचे द्राक्ष थांबत नाही. ते बाजारात खपत नाही, त्याचा धड बेदाणा होत नाही. त्यास गिऱ्हाईक एकच, ज्याच्याशी करार झाला तो कारखाना. कारखान्याने त्या आठवड्यात नको म्हटले की विषय संपला.

नाशिक जिल्ह्याने हे अनुभवले आहे. २००८ ची जागतिक मंदी आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईवर झालेला हल्ला, यांनी हॉटेले ओस पडली, वाइनचे साठे तुंबले आणि कारखान्यांनी खरेदीतून अंग काढून घेतले. कित्येकांनी उभ्या बागा उपटल्या. बागेचे आयुष्य पंधरा वर्षांचे, पहिले पीक यावयास दोन वर्षे, लोखंडाच्या मांडवाचे कर्ज त्याहून लांब. आणि करार मात्र मोजक्या हंगामांचा. आजही राज्यात पिकणाऱ्या द्राक्षांपैकी शेकडा एक-दोन टक्क्यांपलीकडे माल वाइनकडे जात नाही. एवढ्या अरुंद दारातून साऱ्या दुष्काळी पट्ट्याची समृद्धी आत येईल, ही अपेक्षाच अवास्तव आहे.

तरीही कोणा जतकर तरुणाने एखादा एकर करून पाहावयाचे ठरविले, तर त्यास परावृत्त करण्याचे कारण नाही. त्याने करारात ब्रिक्सप्रमाणे भाव लिहून घ्यावा, वाहतूक कोणाची हे लिहून घ्यावे आणि ठरल्या दिवशी माल उचलला नाही तर भरपाई किती, हेही लिहून घ्यावे. तोंडी शब्दावर वेल लावू नये. आणखी एक गोष्ट. बाग खुंटावरच उभी करावी. म्हणजे उद्या कारखान्याने पाठ फिरवलीच, तर वेल मुळासकट उपटावी लागत नाही. वरचा भाग छाटून त्याच खुंटावर थॉमसनचे किंवा सोनाकाचे कलम बांधता येते. एक हंगाम जातो, पण मांडव, ठिबक आणि मुळे जागच्या जागी राहतात.